तांब्याची मोड : ईम्स-अहवालातील एक उपेक्षित प्रश्न आणि जालना

औद्योगिक अभिकल्पाच्या आपल्याकडील अभ्यासाचा आरंभ ज्या एका लहानशा पुस्तिकेपासून झाला असे मानण्याची पद्धत आहे, ती पुस्तिका म्हणजे चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने एप्रिल १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेला अहवाल होय. फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने त्यांनी देशभर प्रवास केला आणि जे पाहिले त्यावरून एका शिक्षणसंस्थेची कल्पना मांडली. १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली. पुढे १९६९ मध्ये सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. ('डिझाइन' ह्या शब्दाला 'अभिकल्प' हा पर्याय शासकीय व्यवहारात आला, कारखान्यात आणि बाजारात मात्र डिझाइनच चालते. ह्या लेखात दोन्ही शब्द येतील.) तेव्हापासून आजतागायत ह्या क्षेत्रात शिरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती हा अहवाल बहुधा पहिल्याच वर्षी पडतो, आणि त्यातला एकच भाग त्याच्या स्मरणात राहतो. तो भाग तांब्यासंबंधीचा आहे.

भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये पाण्याचा तांब्या ईम्स दांपत्याला सर्वांत सुंदर वाटला. तो घडविणाऱ्याने कोणकोणत्या प्रश्नांचा विचार केला असता, याची एक लांबलचक यादी त्यांनी दिली आहे. पाणी किती मावावे, भांडे डोक्यावरून न्यायचे की कडेवरून, भरलेले असताना तोल कसा राहील, तळव्यात ते कसे बसेल, दगडावर ठेवताना नाद कसा येईल, असे ते प्रश्न आहेत. ही यादी सुंदर आहे यात वाद नाही. परंतु तिचे वाचन कसे होते ते पाहण्यासारखे आहे. व्याख्यानांतून आणि पाठ्यपुस्तकांतून तिच्यातील कंबर, तळवा, नाद आणि उन्हातली झळाळी एवढेच पुढे येते. आणि यादीच्या उत्तरार्धात, जवळजवळ शेपटाशी, आलेले दोन-तीन कोरडे प्रश्न सोडून दिले जातात. घडणीला खर्च किती, अखेरपर्यंतच्या वापराचा विचार करता तो खर्च किती पडतो, आणि ह्या धातूत घातलेला पैसा वस्तू म्हणून व वस्तू मोडल्यावर किती राहतो, हे ते प्रश्न. आमच्या मते संपूर्ण अहवालाचे मर्म ह्या शेवटच्या प्रश्नात आहे. पर्यावरणाला जपणारा अभिकल्प म्हणून आज जे शास्त्र स्वतंत्र विषयाच्या रूपाने शिकविले जाते, त्याचे बीज १९५८ च्या त्या एका ओळीत होते. वाचकांनी ते रुजू दिले नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. भांड्यांच्या दुकानात जुनी पितळेची घागर घेऊन गेलेली गृहिणी हाच हिशेब करीत असे. दुकानदार घागर तराजूत टाकी, तिची 'मोड' अमुक भावाने धरी, आणि नव्या भांड्याच्या किमतीतून ती वजा करी. सोनाराकडे तर हा हिशेब अजूनही रोजचा आहे: सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. दागिना मोडताना सोने परत मिळते, घडणावळ बुडते. ईम्स यांच्या यादीत घडणीचा खर्च आणि मोडीची किंमत हे प्रश्न जवळजवळ आले आहेत, ते कासाराच्या किंवा सोनाराच्या वहीत येतात तसेच. 'घडामोड' हा आपला शब्दच मुळी दोन्ही क्रिया एका दमात सांगतो, जरी आपण आता तो वर्तमानपत्री अर्थानेच वापरतो. 'मोडीत काढणे' ह्या वाक्प्रचाराचीही तीच गत झाली. बाजारात त्याचा अर्थ किंमत वसूल करणे असा होता. आज तो टाकून देण्याचा झाला आहे. वस्तूकडे पाहण्याची दृष्टी बदलली, त्याची ही नोंद भाषेने आपण होऊन ठेवली आहे.

तथापि अहवालावर दोष येतो तो वेगळ्या ठिकाणी. हा तांब्या कोणा एका माणसाने रचला नाही, पिढ्यान्पिढ्यांनी तो घडविला, असे ईम्स म्हणतात. हे खरे असले तरी अर्धे खरे आहे. त्या पिढ्यांना नावे होती. तांबट घडवीत होते, कासार विकीत होते, कल्हईवाला दारोदार येऊन भांड्याचे आयुष्य वाढवीत होता. ज्या हातांची ताकद आणि आकार यांचा विचार अहवालात येतो, त्यांतील कोणत्या हातांना त्या तांब्याला शिवण्याची मोकळीक होती, हा प्रश्न मात्र यादीत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. अहवाल त्यानंतर एकतीस वर्षांनी लिहिला गेला. परदेशी पाहुण्यांकडून ती अपेक्षा कितपत करावी हे आम्ही वाचकांवर सोडतो, परंतु अहवाल शिकविणाऱ्या आपल्या अध्यापकांना ती सबब उपलब्ध नाही. वस्तूला जे हात लागतात ते केवळ वापरणाऱ्याचे नसतात. घडविणाऱ्याचे, दुरुस्त करणाऱ्याचे आणि मोडणाऱ्याचेही असतात, आणि ह्या शेवटच्या हातांची अवस्था पाहावयाची असेल तर जालन्यास जावे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. 'सोन्याचा पाळणा' हे ह्या गावाचे जुने बिरुद. बाजारपेठ म्हणून त्याची ख्याती जिल्ह्याहून कितीतरी जुनी आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि बियाण्यांसाठी गावाचे नाव देशभर झाले. त्याच्या जोडीला दुसरा धंदा उभा राहिला तो लोखंडाचा. औद्योगिक वसाहतीत विजेच्या भट्ट्या आणि लाटण-गिरण्या आहेत. भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून त्याच्या कांड्या ओततात आणि त्यांपासून बांधकामाची सळई काढतात. जालन्याजवळ लोखंडाची खाण नाही. जुन्या मोटारी, यंत्रांचे सांगाडे, पत्रा, तारा आणि पाडलेल्या इमारतींच्या सळया हीच ह्या धंद्याची खाण. ईम्स यांच्या त्या उपेक्षित प्रश्नावर एक सबंध गाव पोट भरीत आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथे अभिकल्पकाच्या कामाचे जे परीक्षण होते, ते कोणत्याही प्रदर्शनात होत नाही. विजेच्या प्रवर्तन-भट्टीत मुख्यतः वितळविण्याचे काम होते. धातू शुद्ध करण्याची तिची शक्ती फार मर्यादित. जे आत जाते त्यातले बरेचसे सळईत उतरते. यांतही तांब्याची गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण वितळलेल्या पोलादात एकदा मिसळलेले तांबे व्यवहारात पुन्हा वेगळे काढता येत नाही, आणि त्याचे प्रमाण वाढले की तप्त पोलाद लाटताना पृष्ठभागावर तडे पडतात. ज्या धातूने तांब्याला नाव दिले, तोच भट्टीत विष ठरतो! आता हे तांबे येते कोठून? लहान मोटारींच्या गुंडाळ्यांतून आणि विजेच्या तारांतून. कोणत्यातरी आरेखन-फलकावर कोणीतरी ती गुंडाळी पोलादी कवचात दाबून बसविली, स्क्रूच्या जागी कायमचा जोड दिला, आणि त्यामुळे मोडणाऱ्या मजुराला ती वेगळी करणे परवडेनासे झाले. त्या अभिकल्पकाने कवचाचा आकार उत्तम साधला असेल. त्याचा जोड मात्र चुकला.

याहून गंभीर गोष्ट बंद पोकळीची. मोटारीच्या धक्काशोषकात, वायूच्या नळकांड्यात किंवा दोन्ही तोंडे चेपून बंद झालेल्या नळीत हवा, तेल वा पाणी अडकलेले असते. असा तुकडा तापलेल्या रसात पडला तर स्फोट होऊन रस बाहेर उसळतो. म्हणून भंगार निवडणाऱ्याची नजर हीच भट्टीवरील माणसाची पहिली ढाल असते. ती वस्तू सहज उघडता यावी, निदान तिच्यात पोकळी आहे हे बाहेरून ओळखता यावे, एवढा विचार कागदावर झाला असता तर ही ढाल इतकी पातळ राहिली नसती. वापरणाऱ्याच्या सोयीवर आपल्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे विचार होतो. भट्टीपाशी उभा असलेला मनुष्य हाही त्या वस्तूचा शेवटचा वापरणारा आहे, हे आम्हांला आग्रहाने म्हणावयाचे आहे.

व्हिक्टर पापानेक यांच्या ग्रंथाशी येथे तुलना करणे उपयुक्त होईल. १९७१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड' ह्या पुस्तकाने औद्योगिक अभिकल्पाच्या धंद्यावरच आरोपपत्र ठेवले. १९७९ च्या अहमदाबाद जाहीरनाम्यात विकासासाठी अभिकल्पाची जी भाषा आली, तिला अनुकूल हवा अशाच लेखनाने तयार केली होती. रिकाम्या डब्यात मेण आणि वात घालून चालणारा त्यांचा रेडिओ प्रसिद्ध आहे. जर्मनीतील उल्मच्या विद्यालयात तो कुरूप ठरला असे पापानेक यांनीच लिहून ठेवले आहे. टाकलेल्या डब्यापासून आरंभ करणे ही मोठी दृष्टी होती. परंतु पापानेक यांचा राग बोचरा असला तरी त्यांचा हिशेब कच्चा वाटतो. दुष्ट धंदा आणि सज्जन अभिकल्पक अशी त्यांची विभागणी नीतीची आहे, तराजूची नाही. ईम्स यांच्या एका ओळीत राग नाही, पण तराजू आहे. विद्यार्थ्याने दोन्ही वाचावे. एकच वाचावयाचे असेल तर ती ओळ वाचावी.

मोडीचा भाव आला म्हणजे सगळे साधले असेही समजू नये. भट्टीला वीज लागते, आणि आपल्याकडील बरीचशी वीज अद्याप कोळशावर होते. धूर आणि धूळ गावाच्या अंगावर पडते ती निराळीच. कल्हई करून वीस वर्षे वापरलेले भांडे दर पाच वर्षांनी वितळविलेल्या भांड्यापेक्षा केव्हाही बरे. शिवाय प्रत्येक पदार्थाला मोड असतेच असे नाही. जालन्याजवळचे कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामासाठी, शेततळ्यांसाठी आणि द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. अवर्षणाच्या ह्या प्रदेशात शेततळ्याने बागा वाचविल्या, याबद्दल दुमत नाही. परंतु अशा तळ्यांत पाणी टिकते ते प्लास्टिकच्या अस्तरामुळे. शेतकरी त्याला नुसता 'कागद' म्हणतात. उन्हाने कडक होऊन फाटलेल्या, गाळाने माखलेल्या त्या कागदाला लोखंडासारखा भाव कोण देणार? पाण्याचा प्रश्न सोडविणारी वस्तू स्वतः प्रश्न होऊन बांधावर पडते. सावली, जाडी, सांधे, गुंडाळून परत नेण्याची सोय, ह्या सर्व गोष्टी अभिकल्पाच्या आहेत. २०१८ पासून रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र जालन्यातच आहे. पदार्थाचे शास्त्र आणि वस्तूची घडण ह्या दोन बाजूंनी एकत्र काम होण्याजोगा याहून जवळचा विषय सापडणे कठीण.

मग प्रश्न येतो व्यवसायाचा. २०१५ पासून पवईस पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्याची प्रवेशपरीक्षा देशभर होते, आणि मराठवाड्यातील मुलेही तिला बसू लागली आहेत. पदवी मिळाल्यावर मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास जातो आणि बहुधा पडद्यावरील चित्रे व कळी यांची रचना करू लागतो. त्यात कमीपणा काही नाही, पगारही चांगला. पण लोखंडाच्या कारखान्यात धातुशास्त्रज्ञाला खुर्ची आहे, वीज-अभियंत्याला आहे. अभिकल्पकाने तेथे काय करावे हे ना कारखानदाराला माहीत, ना विद्यापीठाला. आमची सूचना साधी आहे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक महिना भंगाराच्या आवारात बसवावे. एक पंखा, एक पाण्याचा पंप आणि एक दुचाकीचा धक्काशोषक त्यांनी निवडणाऱ्या मजुराच्या हाताखाली स्वतः मोडावा. किती मिनिटे लागली, किती तांबे निघाले, किती आत राहिले हे वजन करून लिहावे. आणि मग त्याच वस्तूचे नवे आरेखन करावे. हस्तकलांच्या नोंदी करावयास आपण विद्यार्थी पाठवतोच. मोडण्याची कलाही त्याच योग्यतेची आहे, आणि ती जाणणारी माणसे तोंडी जे सांगतात ते अजून कोणी नीट उतरवून घेतलेले दिसत नाही.

अखेर एक भाषेची बाब. अहवालातील ज्या शब्दाभोवती हा लेख फिरला, त्या 'साल्व्हेज'चे भाषांतर वर्गात 'पुनर्प्राप्ती' असे केले जाते. शब्द शुद्ध आहे, पण त्याने कोणाच्याही डोळ्यांपुढे तराजू येत नाही. तेथे 'मोड' हाच शब्द घालावा, आणि त्याच्या शेजारच्या प्रश्नात 'घडणावळ'. घरी भांडी मोडीत घातलेली ज्याने पाहिली आहेत, अशा भोकरदनच्या किंवा अंबडच्या विद्यार्थ्याला मग त्या दोन ओळींवर टीप द्यावी लागणार नाही.