अठरा फुटांवरचा सबवूफर

मुलानं पुण्याहून होम थिएटर पाठवलं. आमच्या यवतमाळच्या घरात थिएटर मावेल का, हे विचारण्याच्या भानगडीत तो पडला नाही. बैठकीची खोली १२ बाय १२. चारी भिंती सारख्या, म्हणून गवंड्याला आणि मला तिचा केवढा अभिमान! आवाजाच्या दृष्टीनं याहून वाईट आकार शोधून सापडत नाही, हे आता कळलं.

यंत्राबरोबर एक चिमुकला मायक्रोफोन येतो. तो कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून घुमण्यापासून किंचाळीपर्यंत चढत जाणारा एक 'हुईऽऽ' काढतं, स्वतःच ऐकतं आणि खोलीचे दोष ठरवतं. असं आठ जागी. त्यातल्या तीन जागी आमच्याकडे आजवर कोणी बसलेलं नाही. अट एकच, शांतता. आणि महिना मे! कूलर चालू ठेवून पाहिला, तर पडद्यावर उत्तर आलं : गोंगाट फार आहे. झालं, कूलर बंद. आम्ही चौघं घाम पुसत, माना खाली घालून, मुक्यानं बसलो. सातव्या जागेला शेजारच्या काकूंनी खिडकीतून हळूच विचारलं, "कोन गेलं हो?" पुन्हा पहिल्यापासून!

शेवटी निकाल लागला. सबवूफर अठरा फुटांवर आहे म्हणे. बारा फुटी खोलीत! म्हणजे थेट काकूंच्या स्वयंपाकघरात. मी यंत्राला वेड्यात काढलं, पण वेडा मीच होतो. आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागात फूटभराहून थोडा जास्त चालतो. सबवूफरच्या पोटातली सर्किटं आवाज सोडायला जरा उशीर लावतात आणि यंत्र तो उशीर फुटांत मांडतं. मग उशिरा येणाऱ्या व्याह्यासाठी वरात थांबवावी, तसं बाकीच्या स्पीकरांना थोपवून धरतं. हा हिशेब मला मनापासून आवडला.

खर्जाचंही श्रेय त्याला दिलं पाहिजे. बारा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा सूर कोंडतो. भिंतीशी फुगतो, मधोमध गडप होतो. आमच्या चौकोनात दोन्ही बाजूंनी तोच. भिंतीशी बसणाऱ्या आईच्या छातीत धडधडायचं आणि मधल्या सोफ्यावर मला काहीच नाही! यंत्रानं फुगवटा कापला. गडप झालेलं मात्र त्याला भरून काढता येईना. तळ नसलेल्या बादलीत कितीही पाणी ओता. सोफाच तीन फूट मागं सरकवला.

पण आईची तक्रार वेगळीच. तिला कमी ऐकू येतं. "संगीत छान रे, पण माणसं काय बोलतात?" लावला होता 'सिंहासन', १९७९चा. त्याला आवाजाची पट्टी एकच, त्यामुळे पाच स्पीकरांपैकी बोलायला एकटा मधला. आणि त्याचाही प्रत्येक शब्द फरशी, काच नि उघड्या भिंतींवरून दहादा परत यायचा. स्पीकरमधून काय सोडायचं ते यंत्र बदलू शकतं. भिंतीनं काय परतवावं, ते नाही. मेन्यूतलं सगळं उलटंसुलटं करून पाहिलं. आई हात कानामागं धरून तशीच बसलेली.

तेवढ्यात कापूस पिंजून गाद्या भरून देणारे चाचा पैसे घ्यायला आले. दारातूनच म्हणाले, "भाऊ, खोलीत आवाज लय घुमते ना! गाद्या लावा भिंतीले."

हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननं १८९५ साली नेमकं हेच सुरू केलं होतं. एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. हा गृहस्थ रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या उशा वाहून आणायचा, आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत उशा परत! त्यातून घुमण्याचं गणित जन्मलं. आम्हांला कापसाच्या जिल्ह्यात राहून ते परदेशी यंत्राला विचारावंसं वाटलं.

दोन भिंतींना दोन गाद्या उभ्या केल्या, शोकेसवर गोधडी टाकली. ४७च्या सुराला गादीनं ढिम्म फरक पडत नाही, पण बोलणं सुटं झालं. मग यंत्राला पुन्हा आठ जागी 'हुईऽऽ' करू दिलं. काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं.

आईनं कानामागचा हात काढला. "असं म्हणतोय होय तो!" म्हणाली आणि चित्रपट पहिल्यापासून लावायला लावला.

हल्ली पाहुणे मुक्कामाला आले की गाद्या खाली उतरतात आणि आवाज बिघडतो. तशी माणसंही आवाज शोषतात, हेही सॅबिननं मोजलेलं आहे. पण त्यासाठी त्यांनी गप्प बसावं लागतं.