पवनारची शिल्पे : नाव आणि दगड

वाकाटकांचे नाव निघाले की वाचकाचे मन थेट अजिंठ्याला पोहोचते. ते स्वाभाविकच आहे. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे कोरवून घेतले आणि तेथील शिलालेखात वाकाटकांची वंशावळ नोंदवली. पण हरिषेण वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेचा. नंदिवर्धन व प्रवरपूर येथून राज्य करणाऱ्या ज्येष्ठ शाखेचा वारसा सांगणारी शिल्पे वर्ध्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनारला आहेत. आपण त्यांना नमस्कार करतो. निरखून मात्र क्वचितच पाहतो.

या शिल्पांना अभ्यासाच्या कक्षेत आणले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. दुसऱ्या प्रवरसेनाचे आरंभीचे ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेले आहेत, नंतरचे प्रवरपुराहून. अठराव्या राज्यवर्षातला चम्मक ताम्रपट प्रवरपूरचाच. हे प्रवरपूर म्हणजे पवनार, असे मिराशींनी मांडले. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि विष्णुभक्त. तिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामीचा उल्लेख आहे. रामकथेवरचे ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे. तेव्हा या राजाने आईसाठी पवनारला रामाचे मंदिर बांधले आणि सापडलेले शिल्पपट त्या मंदिराचे, त्यांतले प्रसंग रामायणातले, अशी ती मांडणी.

मिराशींचे ऋण विदर्भातला कोणताही अभ्यासक नाकारणार नाही. पण त्यांच्या या युक्तिवादातले एक वळण तपासायला हवे. प्रवरपूर म्हणजे पवनार, म्हणून शिल्पे राममंदिराची. राममंदिराची, म्हणून प्रसंग रामायणातले. आणि प्रसंग रामायणातले, म्हणून पवनार हेच प्रवरपूर. इथे साध्य आणि साधन यांनी जागा बदलल्या आहेत. साखळीतली एक कडी सैल झाली की बाकीच्याही डगमगतात.

ती कडी सैल झालीही आहे. रामटेकजवळच्या मनसर येथे जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी केलेल्या उत्खननात हिडिंबा टेकडीवर विटांचे भव्य मंदिर उघडे झाले. ‘प्रवरेश्वर’ नावाची मुद्रा मिळाली. त्यामुळे प्रवरपूर मनसरलाच होते, असे मानणारा पक्ष बळावला. पवनारचे पट रामकथेचेच आहेत, याबद्दलही अभ्यासकांत एकमत राहिलेले नाही. यात पवनारचे महत्त्व कमी होण्याचे कारण नाही. नागपूर विद्यापीठातर्फे देव व ढवळीकर यांनी 1967 मध्ये येथे केलेल्या उत्खननाने वाकाटकांच्याही आधीपासूनची वस्ती दाखवून दिली आहे. राजधानी असो वा नसो, हे गाव जुनेच.

दुसरे नाव भक्तीने दिले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगातल्या गीता-प्रवचनांत विनोबांनी राम-भरत भेटीचे चित्र कसे असावे याची कल्पना मांडली होती. पुढे पवनारला जमीन खणताना एक शिल्प वर आले आणि त्यांना त्यात तीच भेट दिसली. आज ते आश्रमात ‘भरत-राम’ म्हणून पूजेत आहे. मनातले चित्र आधी, दगड नंतर : श्रद्धेसाठी हा क्रम योग्यच. संशोधनाला तो उलटा करावा लागतो.

दूरचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या प्राचीन संस्कृतीला आपण ‘ओल्मेक’ म्हणतो. ते नाव त्यांचे नव्हे. कित्येक शतकांनंतर त्या भागात राहणाऱ्यांसाठी ॲझ्टेकांच्या भाषेत असलेला ‘रबराच्या प्रदेशातले लोक’ या अर्थाचा शब्द अभ्यासकांनी त्यांना लावला. त्यांच्या सतरा प्रचंड दगडी शिरांपैकी एकाही चेहऱ्याचे खरे नाव कोणाला ठाऊक नाही. तरी नाव नसल्याने त्या शिल्पांचे काही अडले नाही. उलट ओठ, शिरस्त्राण, दगडाचे वजन यांकडेच पाहणाऱ्याला वळावे लागले. ला व्हेंता येथे तेलाचे काम वाढले तेव्हा कार्लोस पेयिसेर या कवीने तिथली शिल्पे व्हियाएर्मोसाला हलवून 1958 मध्ये त्यांचे उद्यान उभारले. शिल्पे वाचली, जागा सुटली.

पवनारला जागा सुटली नाही. धामकाठची शिल्पे धामकाठीच राहिली, ही आश्रमाची देणगी आहे आणि ती संग्रहालयाच्या काचेपेक्षा मोठी मानावी असे मला वाटते. उणीव आहे ती आपल्या पाहण्यात. प्रत्येक पटाचे मोजमाप, सर्व बाजूंची छायाचित्रे, झीज व तुटीच्या खुणा, मनसर आणि मांढळच्या मूर्तींशी केशरचना, अलंकार व अंगलट यांची तुलना, हे सारे मराठीत एका जागी यायला हवे. त्यासाठी एकही दगड हलवावा लागणार नाही, पूजाही थांबवावी लागणार नाही.

ऊन, पाऊस आणि हातांचा स्पर्श यांनी दगडाची कड दरवर्षी थोडी बोथट होते. कोणता प्रसंग, हा वाद आणखी पन्नास वर्षे चालला तरी चालेल. वाद घालायला कड शिल्लक असली पाहिजे.