एक साचा, चाळीस संगणक

संगणक-प्रयोगशाळेतील चाळीस यंत्रांवर एकच प्रणाली बसवायची, तर ती चाळीस वेळा बसवत बसण्याचे कारण नाही. एका यंत्रावर ती नीट बसवावी, अभ्यासक्रमाला लागणारी सॉफ्टवेअरे घालावीत, मराठी टंकलेखनाची सोय करावी आणि मग त्या यंत्राच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ती बाकीच्या यंत्रांवर उतरवावी. या प्रतीला 'इमेज' म्हणतात आणि ती साठवून जाळ्यावरून इतर यंत्रांना वाटणाऱ्या संगणकाला 'इमेजिंग सर्व्हर'. गणपतीचे मूर्तिकार साच्यातून मूर्ती काढतात, तसाच हा प्रकार. साच्याचे गुण सर्व मूर्तींत उतरतात आणि साच्याला चीर असेल, तर तीही उतरते.

या कामासाठी गाजलेले सॉफ्टवेअर म्हणजे 'घोस्ट'. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी ते १९९५ च्या सुमारास तयार केले आणि १९९८ मध्ये ते सिमँटेक कंपनीकडे गेले. ते विकत घ्यावे लागे. २००७ मध्ये चक सिपर्स्की आणि जियान झांग यांनी 'फॉग' हा मुक्त व मोफत पर्याय पुढे आणला. उस्मानपुऱ्यात, स्टेशन रस्त्यालगत, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन जवळजवळ आहेत आणि त्यांच्या आसपास संगणक शिकवणारे वर्गही पुष्कळ आहेत. याच परिसरातील एका प्रयोगशाळेत आम्ही फॉग चालवतो. शाळा-महाविद्यालयांच्या दृष्टीने तो कसा आहे, हे येथे तपासून पाहू.

काम कसे चालते?

फॉगची खुबी अशी की विद्यार्थ्यापुढील यंत्रात सीडी किंवा पेनड्राइव्ह घालावा लागत नाही. यंत्र सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड जाळ्यावर हाक मारते, "मला पत्ता द्या." डीएचसीपी नावाची सेवा त्याला पत्ता देते आणि सोबत सांगते, की सुरुवातीची फाइल अमुक सर्व्हरवर अमुक नावाने मिळेल. यंत्र ती फाइल टीएफटीपी या साध्या पद्धतीने आणते. मग एक छोटी लिनक्स प्रणाली यंत्राच्या स्मृतीत चढते आणि हार्ड डिस्कला हात न लावता यंत्र चालू होते. शेवटी ती लिनक्स सर्व्हरवरील प्रत आणून डिस्कवर लिहिते. या सर्व पायऱ्यांतील संवाद पडद्यावर ओळीओळीने दिसत असतो. तो मुद्दा पुढे येणारच आहे.

प्रत काढताना डिस्कवरील फक्त वापरलेला भाग घेतला जातो व तो दाबून लहान केला जातो. समजा, अशी प्रत २० गिगाबाइटची झाली. जाळ्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट असेल, तर एका यंत्राला सुमारे २७ मिनिटे लागतील. सर्व्हरची तार एकच असल्याने चाळीस यंत्रांना वेगवेगळी प्रत पाठवली, तर एकूण सुमारे १८ तास जातील. जाळे गिगाबिटचे असेल, तर हेच काम पावणेदोन तासांवर येते. फॉगमध्ये 'मल्टिकास्ट' हा आणखी एक मार्ग आहे. चाळीस मुलांना एकेकट्याला धडा सांगण्याऐवजी तो वर्गात एकदाच सांगावा, तशी ही पद्धत. तिने १०० मेगाबिटच्या जुन्या जाळ्यावरही चाळीस यंत्रे अर्ध्या तासात तयार व्हायला हरकत नाही. ही गणिते आदर्श वेगाची आहेत, प्रत्यक्षात वेळ थोडा वाढतो. मल्टिकास्टमध्ये शिवाय सर्वांना सर्वांत मंद यंत्राच्या चालीने चालावे लागते आणि एक यंत्र अडले, तर सगळी रांग खोळंबते. नववी-दहावीच्या वर्गात भागाकाराचे हे उदाहरण जरूर घ्यावे. नेटवर्कचा वेग बिटमध्ये आणि फाइलचा आकार बाइटमध्ये का मोजतात, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात.

दोष शोधण्याची सोय

आमच्या मते फॉगचा खरा मोठेपणा वेगात नाही. त्याच्या पायऱ्या सुट्या आहेत आणि प्रत्येक पायरीचा दोष वेगळा ओळखता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. यंत्राला पत्ताच मिळाला नाही, तर डीएचसीपी किंवा तार पाहावी. पत्ता मिळाला पण फाइल मिळाली नाही, तर टीएफटीपी सेवा बंद असेल किंवा फाइलचे नाव चुकले असेल. जुन्या बायोसच्या यंत्राला एक आरंभ-फाइल लागते आणि नव्या यूईएफआय यंत्राला दुसरी, त्यामुळे मिश्र प्रयोगशाळेत निम्मी यंत्रे चालतात व निम्मी रुसतात. काही स्विच नवी जोडणी तपासण्यात तीस सेकंद घालवतात आणि तेवढ्यात नेटवर्क कार्डाचा धीर सुटतो. अशा वेळी मध्ये एक साधा, स्वस्त स्विच जोडून पाहिला, की दोष कोणाचा ते कळते.

एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आमच्या प्रयोगशाळेत काही यंत्रे सर्व्हरपर्यंत पोहोचत आणि काही पोहोचत नसत. घोळ असा, की कालचे आजारी यंत्र आज धडधाकट असे. यंत्रे बदलून, तारा बदलून काही उपयोग होईना. शेवटी विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले, की प्रत्येक यंत्राच्या पडद्यावर आलेला पत्ता वहीत लिहा आणि पुढे 'चालले' किंवा 'अडले' अशी खूण करा. दोन फेऱ्यांतच चित्र स्पष्ट झाले. अडलेल्या सर्व यंत्रांच्या पत्त्याचा तिसरा आकडा वेगळा होता. म्हणजे पत्ते वाटणारे दोघे होते आणि ज्याचे उत्तर आधी येई, त्याचा पत्ता यंत्र घेई. शोध घेता शेजारच्या खोलीत कोणीतरी मोबाइलसाठी जोडलेला वायफाय राउटर सापडला. तो काढताच सगळी यंत्रे रांगेत आली. निरीक्षण, नोंद, वर्गीकरण, अनुमान आणि पडताळा या वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या आपण फळ्यावर लिहून देतो. येथे त्या मुलांनी स्वतः चढून पाहिल्या.

उणिवा

आता दुसरी बाजू. पहिली आणि गंभीर उणीव सुरक्षिततेची. फॉग नेहमीच्या पद्धतीने बसवला, तर प्रतींचे दालन जाळ्यावरील कोणत्याही यंत्राला वाचता येते आणि प्रवेशाचे मूळ नाव व परवलीचा शब्द सर्वांना ठाऊक असतो. मूळ यंत्रावर शिक्षकाचे ईमेल, परीक्षेचे गुण किंवा विद्यार्थ्यांची माहिती राहून गेली असेल, तर ती चाळीस यंत्रांवर जाते आणि सर्व्हरवर उघडी राहते. म्हणून परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, प्रयोगशाळेचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे आणि साचा म्हणून वापरायच्या यंत्रावर कोणीही खासगी काम करू नये.

दुसरी उणीव दोषसंदेशांची. प्रत काढण्याचे तासाभराचे काम पूर्ण होते आणि अगदी शेवटच्या क्षणी सर्व्हर अडून बसतो. तात्पुरत्या कप्प्यातील प्रत कायमच्या कप्प्यात हलवण्यासाठी फॉग एक अंतर्गत खाते वापरतो. त्या खात्याचा परवलीचा शब्द कोणी बदलला असेल, तर हे घडते. हे आधीच तपासून काम सुरू होण्यापूर्वी सांगितले असते, तर तास वाचला असता. विंडोजची 'जलद प्रारंभ' सोय चालू असेल, तर यंत्र बंद करूनही डिस्क अर्धवट उघडी राहते आणि प्रत काढता येत नाही. नव्या यंत्रांवर 'सिक्युअर बूट' बहुधा बंद करावे लागते. हे सारे अनुभवी माणसाला ठाऊक असते. नवख्या शिक्षकाला मात्र त्यासाठी इंग्रजी मजकुराच्या रानात हिंडावे लागते, कारण मराठीत याची माहिती जवळजवळ नाही.

तिसरी अडचण फॉगची नव्हे, साचा या कल्पनेचीच आहे. विंडोजच्या प्रत्येक स्थापनेला एक अंतर्गत ओळखक्रमांक असतो आणि प्रत काढली, की तोही जसाच्या तसा जातो. तो पुसून नवा मिळावा यासाठी 'सिसप्रेप' नावाची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. अनेक वर्षे लोक ती टाळत आले आणि फारसे बिघडले नाही. परंतु २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अद्यतनांनी विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हा क्रमांक तपासायला सुरुवात केली आणि एकाच क्रमांकाची यंत्रे एकमेकांची ओळख नाकारू लागली. साच्यातली चीर अशी उशिरा दिसते.

पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

याहून मोठा आक्षेप फॉग वापरण्याच्या आपल्या रीतीवर आहे. यंत्र बिघडले, की नवी प्रत उतरवून मोकळे व्हायचे, अशी सवय लागते. ताप आला, की गोळी देण्यासारखेच हे. डिस्क झिजत असेल, पंख्यात धूळ बसून यंत्र तापत असेल किंवा वीज वारंवार खंडित होत असेल, तर नव्या प्रतीने चार दिवस बरे वाटते आणि बिघाडाची खूण मात्र पुसली जाते. आम्ही एक साधा नियम ठेवला आहे. नवी प्रत उतरवण्यापूर्वी लक्षण काय होते ते वहीत लिहायचे आणि त्याच यंत्राला तिसऱ्यांदा प्रत लागली, तर आधी ते उघडून पाहायचे.

हे ज्ञान शाळेत कोणाकडे आहे, हा कळीचा प्रश्न आहे. केंद्र शासनाने २००४ मध्ये सुरू केलेल्या 'आयसीटी ॲट स्कूल' योजनेत महाराष्ट्रातील पुष्कळ प्रयोगशाळा अशा तत्त्वावर झाल्या, की बाहेरच्या संस्थेने त्या उभाराव्यात, ठरावीक वर्षे चालवाव्यात आणि नंतर शाळेच्या ताब्यात द्याव्यात. या व्यवस्थेत यंत्रे हस्तांतरित होतात. ती पूर्ववत करण्याची हातोटी आपोआप हस्तांतरित होत नाही. संस्थेचा माणूस येईनासा झाला, की बंद पडलेले यंत्र कोपऱ्यात जाते.

आज या प्रश्नाला निकड आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे शाळांतील अनेक चालती यंत्रे त्या कसोटीत बसत नाहीत. ती भंगारात काढायची की त्यांवर लिनक्स घालून आणखी काही वर्षे वापरायची? सी-डॅकची २००७ पासूनची 'बॉस' किंवा दुसरी एखादी हलकी लिनक्स प्रणाली एका यंत्रावर बसवून, पारखून, फॉगने सर्वांवर उतरवणे एका दिवसाचे काम आहे. पण ते काम करणारा शिक्षक शाळेत हवा. तो नसेल, तर निर्णय विक्रेत्याच्या दरपत्रकावर होईल.

तेव्हा फॉग वापरावा का? आमचे उत्तर होकारार्थी आहे, पण दोन अटींवर. तो एखाद्या जुन्या यंत्रावर, कार्यालयाच्या जाळ्यापासून अलग, आधी दोन-तीन यंत्रांपुरता चालवून पाहावा. प्रत काढणे आणि प्रत उतरवणे हे पर्याय शेजारीशेजारी असतात आणि चुकीचा निवडल्यास साच्याचे यंत्रच पुसले जाते, म्हणून साच्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. आणि सर्व्हर सुरळीत चालू लागला, की एक तास मुद्दाम राखून मुलांच्या देखत डीएचसीपी बंद करावे, मग ते चालू करून टीएफटीपी बंद करावे आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काय दिसते ते मुलांना लिहायला सांगावे. प्रयोगवहीत लिटमसच्या रंगबदलाशेजारी ही नोंदही शोभेल. पुढे यंत्र खरोखर अडेल, तेव्हा ती वही उघडून कोणत्या पायरीवर अडले आहे, ते मुलेच सांगतील.