एकशे तेवीस खुर्च्यांची खोली

न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर पायऱ्या उतरून एका तळघरात जावं लागतं. पाचरीसारखी निमुळती खोली, खुर्च्या १२३. हा ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’, मॅक्स गॉर्डननं १९३५ मध्ये सुरू केलेला. जून १९६१ मध्ये पियानोवादक बिल एव्हान्सचं वादन इथं ध्वनिमुद्रित झालं. ते ऐकताना सुरांच्या मागं पेल्यांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुज ऐकू येते. १९६६ पासून इथली सोमवारची रात्र एकाच वाद्यवृंदाची आहे. मुंबईच्या जॅझचा विचार करताना मला ही खोलीच आठवते. मुंबईला वादक मिळाले, कान असलेले श्रोते मिळाले, महोत्सवही मिळाले. पण अशी खोली आपल्याला टिकवता आली नाही.

वादकांची वानवा तर कधीच नव्हती. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन कृष्णवर्णीय ताफा ताजमध्ये वाजवू लागला, तेव्हा गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेली मुलं धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिघरांमध्ये, राहून काम शोधत होती. त्यांनी हे संगीत झपाट्यानं आत्मसात केलं. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलाच. पण ताजची ती बॉलरूम होती. लोक तिथं नाचायला येत. पुढं १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंत गेले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेटचा हात आहे. जी ताजची पायरी कधी चढली नाहीत, त्या चाळींतल्या माणसांपर्यंत जॅझ असा पोचला, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. स्टुडिओनं वादकांची पोटं भरली. मात्र जॅझचा जीव असलेली उत्स्फूर्त बढत चार मिनिटांच्या गाण्यात मावणारी नव्हती.

१९७८ मध्ये जॅझप्रेमी निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव भरवला. रंगभवनच्या उघड्या आकाशाखाली सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेला. पुढं ध्वनिनियमांमुळं रंगभवनच मुकं झालं. तसाही महोत्सव म्हणजे जत्रा. देव रोज भेटायचा तर गावात देऊळ लागतं.

२००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब उघडला. तिथली ध्वनियोजना उत्तम होती आणि मंचाला मान होता. पण जागा मोठी, खर्च त्याहून मोठा. असा क्लब निव्वळ जॅझवर चालणार नव्हता आणि चाललाही नाही. २०१६ मध्ये तो बंद झाला. त्यानंतर २०१८ मध्ये गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये ‘द क्वार्टर’ सुरू झालं. जिथं बालगंधर्वांनी गायन केलं, त्याच वास्तूत सॅक्सोफोन ऐकू येऊ लागला. आटोपशीर जागेत, मंचाजवळ बसवून ऐकवायचं हा विचार मला अधिक शहाणपणाचा वाटतो. दिल्लीच्या ‘द पियानो मॅन’नं २०१५ पासून तोच धरला आहे.

क्लबात कमाई करतो मुदपाकखाना आणि बार. मंच खर्च करतो. या हिशेबातून सुटका नाही. पण गाणं जेवण खपवण्यासाठी आहे असं मालकानं एकदा ठरवलं, की “जरा हळू वाजवा” हा निरोप मंचावर येतो आणि तिथून क्लबचं रेस्तराँ होतं. जागा लहान हवी, म्हणजे तीस माणसांतही ती रिकामी दिसत नाही. वार ठरलेला हवा, संच ठरलेला हवा. महिनोन्‌महिने एकत्र वाजवल्याशिवाय ड्रमवाल्याला पियानोवाल्याचा पुढचा श्वास कळत नाही. आणि तिकीट हवंच, कारण पैसे मोजून आलेला माणूस ऐकतो. बैठकीत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना हे नवं नाही. समेवर मान हलवणारा माणूस जॅझच्या सोलोलाही नेमक्या जागी दाद देतो, हे मी पाहिलं आहे.

नव्या जागा शनिवारी भरतात, पण क्लब जगतो तो मंगळवारावर. तेव्हा पुढच्या मंगळवारी तिकीट काढा, पुढच्या रांगेत बसा आणि सोलो संपेपर्यंत ऑर्डर देऊ नका.