प्रयोगाकडून योजनेकडे : ग्रामीण आरोग्य यंत्रणेतील सहकार्य, प्रशिक्षण व निधी – एक चिकित्सा

प्रास्ताविक :

ग्रामीण आरोग्यविषयक शासकीय दस्तऐवजांत ‘सहकार्य’, ‘प्रशिक्षण’ आणि ‘निधी’ हे तीन शब्द बहुधा एकत्र आढळतात आणि तिन्हींचा निर्देश ‘उपलब्ध संधी’ असा केला जातो. परंतु संधी उपलब्ध असणे आणि ती वापरण्याचा अधिकार स्थानिक यंत्रणेच्या हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. महाराष्ट्रातील स्वयंसेवी प्रयोगांनी सिद्ध केलेली आरोग्य कार्यकर्ती शासकीय योजनांनी स्वीकारली. मात्र जिच्या आधारावर ती यशस्वी झाली ती व्यवस्था स्वीकारली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रशिक्षण : प्रक्रिया की कार्यक्रम?

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांमध्ये निरक्षर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. या स्त्रिया दर आठवड्यास जामखेडला येत, मुक्काम करीत, गावात उद्भवलेल्या अडचणी मांडीत आणि त्यांवर चर्चा करून परत जात. येथे प्रशिक्षण हे नेमणुकीपूर्वी उरकावयाचे कर्तव्य नव्हते. ते कामासोबत वर्षानुवर्षे चालणारे शिक्षण होते.

शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी आरंभलेल्या राष्ट्रीय आरोग्य कार्यकर्ता योजनेत साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन अशी रचना होती. कार्यकर्त्यांत पुरुषांचेच प्राबल्य राहिले आणि पुढे ही योजना क्षीण होत गेली. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ स्वयंसेविका ही स्त्रीच असेल असे ठरवून पूर्वीची एक मोठी उणीव दूर केली. तिच्यासाठी २३ दिवसांचे प्रारंभिक प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने देण्याची तरतूद झाली व पुढे त्यात भर पडली. तरीही किती आशांचे किती दिवस प्रशिक्षण झाले, हाच हिशेब प्रगतीचे माप ठरला. गटप्रवर्तकांची भेट आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील मासिक बैठक ही सततच्या शिक्षणाची साधने होऊ शकतात. प्रत्यक्षात हा वेळ पुष्कळदा तक्ते भरण्यात खर्ची पडतो.

राज्यव्यापी योजनेत जामखेडची जवळीक शक्य नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः मान्य करावा लागतो. परंतु गडचिरोलीचा अनुभव या आक्षेपास मर्यादा घालतो. ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत राबविलेल्या घरोघरी नवजात बालसेवेमुळे नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशांमार्फत ही सेवा देशभर नेली. भेटींचे वेळापत्रक आणि मोबदला यांचा प्रसार त्वरेने करता आला. नियमित पर्यवेक्षण मात्र परिपत्रकाने निर्माण होत नाही; त्यासाठी माणसे नेमावी लागतात आणि त्यांना वेळ द्यावा लागतो.

२. निधी : रक्कम आणि निर्णयाधिकार

अभियानाने उपकेंद्रास वार्षिक १०,००० रुपयांचा अबंधित निधी दिला आणि तो आरोग्यसेविका व सरपंच यांच्या संयुक्त खात्यात ठेवला. रक्कम लहान असली तरी कल्पना मौलिक होती. दिवा, पाणी, पडदा, तातडीची दुरुस्ती यांसारख्या गरजांसाठी वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये, हा तिचा गाभा. तथापि लेखापरीक्षणातील आक्षेपाचे भय असलेल्या व्यवस्थेत ‘अबंधित’ हा शब्द पुरेसा ठरत नाही. खर्च केल्यास खुलासा मागितला जातो. न केल्यास सहसा कोणी विचारीत नाही.

वरच्या पातळीवरील चित्रही विचार करावयास लावणारे आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार २७ राज्यांतील आरोग्य संस्थांकडील अखर्चित रक्कम २०११-१२ मधील ७,३७५ कोटी रुपयांवरून २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटी रुपयांवर गेली. म्हणजे निधीचा अभाव आणि निधीचा अनुपयोग ही दोन्ही दुखणी एकाच शरीरात नांदत होती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली, हे पाऊल महत्त्वाचे होय. परंतु कोणत्या बाबींवर खर्च करावयाचा याची चौकट वरूनच निश्चित होणार असेल, तर स्थानिक संस्था निधीची केवळ वाहक ठरते.

३. सहकार्य : कोणाचे कोणाशी?

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत आहेत. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. ग्रामीण रुग्णालये व जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठविलेली गरोदर स्त्री अशा प्रकारे एका प्रशासनातून दुसऱ्यात जाते. तिच्यासोबत तिची पूर्ण माहिती जाते किंवा नाही, यावर तिचे व बाळाचे प्राण अवलंबून असू शकतात. म्हणून बाह्य संस्थांशी करार करण्यापूर्वी या दोन शाखांतील सहकार्याचा प्रश्न सोडविणे अगत्याचे आहे.

लोकांशी सहकार्याचा अधिक आशादायक नमुना २००७ मध्ये पुढे आला. लोकाधारित देखरेखीचा उपक्रम महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) या पाच जिल्ह्यांत सुरू झाला व ‘साथी’ या संस्थेने त्याचे राज्यस्तरीय समन्वयन केले. जनसुनवाईत ग्रामस्थ अधिकाऱ्यांना उघडपणे प्रश्न विचारू लागले. ‘लाभार्थी’ हा शब्द येथे अपुरा पडतो, हेच या उपक्रमाचे यश मानावे लागेल.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की प्रशिक्षण, निधी व सहकार्य ही तीन स्वतंत्र साधने नाहीत. सतत शिकणारी कार्यकर्ती नसेल तर निधी कशावर खर्चावा हे कळत नाही. निर्णयाधिकार नसेल तर शिकलेले वापरता येत नाही. आणि लोकांना प्रश्न विचारता येत नसतील तर दोन्हींची झीज कोणाच्या लक्षात येत नाही.

यात महाविद्यालयांचाही वाटा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर हेही पुष्कळदा एकवेळचा कार्यक्रमच ठरते. त्याऐवजी एका प्राथमिक आरोग्य केंद्राशी सलग काही वर्षे संबंध ठेवून अर्थशास्त्र विभागाने ग्राम आरोग्य समितीस जमाखर्च समजून घेण्यास, समाजशास्त्र विभागाने जन्म-मृत्यूंच्या नोंदी पडताळण्यास आणि मराठी विभागाने प्रशिक्षण पुस्तिकांची भाषा सुबोध करण्यास साहाय्य केल्यास ते खरे सहकार्य ठरेल. यासाठी वेगळ्या अनुदानाची आवश्यकता नाही. सातत्याची मात्र आहे. जामखेडच्या दर आठवड्याच्या बैठकीमागेही तेच बळ होते.