आंकड्यांची साक्ष आणि कुर्ल्याच्या शाळा

अर्थमिति म्हणजे आंकड्यांवरून कार्यकारणभाव शोधण्याची विद्या. बाजारभाव आणि व्याजाचे दर एवढेंच तिचें क्षेत्र, ही समजूत केव्हांच मागें पडली. स्टीव्हन लेव्हिट व स्टीफन डब्नर यांच्या ‘फ्रीकॉनॉमिक्स’ (२००५) या लोकप्रिय पुस्तकानें तर तिला कुस्तीचा आखाडा, गुन्हेगारी आणि शाळा या तिन्ही ठिकाणीं नेऊन उभें केलें. पुस्तक मनोरंजक आहे यांत शंका नाहीं. परंतु या विद्येवर विश्वास कोठें टाकावा व कोठें हात आखडावा, याचा उलगडा त्यानें पुरता होत नाहीं. त्यासाठीं आम्ही वाचकांस आपल्या मुंबई उपनगरांतील कुर्ल्याकडे नेऊं इच्छितों.

प्रथम आखाडा पाहूं. जपानी सुमो स्पर्धेंत वरच्या श्रेणीच्या मल्लाच्या पंधरा कुस्त्या होतात. आठ जिंकल्या कीं दर्जा सहसा चढतो, न जिंकल्यास उतरतो. सात जिंकून सात हरलेला मल्ल शेवटची कुस्ती अपेक्षेहून फार अधिक वेळां जिंकतो, आणि तेच दोघे पुन्हां भेटले कीं बहुधा दुसऱ्याची सरशी होते, असें लेव्हिट व मार्क डगन यांनीं २००२ सालीं दाखविलें. २०११ सालीं संगनमताच्या कुस्त्या उघडकीस येऊन मार्चची स्पर्धाच रद्द झाली, तेव्हां या तर्कास बळकटी आली. गुन्हेगारीचें तसें नाहीं. अमेरिकेंत गर्भपात कायदेशीर झाल्यामुळें १९९० नंतर गुन्हे घटले, हा लेव्हिट व जॉन डोनोह्यू यांचा २००१ चा सिद्धान्त. पुढें २००५ सालीं त्यांतील एका गणिताचा दोष इतर अर्थशास्त्रज्ञांनीं दाखविला. मूळ लेखकांनीं तो मान्य केला, पण सिद्धान्त सोडला नाहीं. पोलीस, तुरुंग, व्यसनें, रोजगार हें सारें जेथें एकाच काळीं बदलतें, तेथें त्यांतला एकच धागा मागाहून सोडविणें कठीण.

कुर्ल्यांत हा धागा आधींच वेगळा काढलेला होता. ‘प्रथम’ ही संस्था मागें पडलेल्या मुलांसाठीं महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमीत असे: वस्तींतलीच, शालेय शिक्षण पुरें केलेली तरुणी, दोन आठवड्यांचें प्रशिक्षण, महिना ५०० ते ७५० रुपये. ती रोज दोन तास पंधरा-वीस मुलांस निराळें बसवून मुळाक्षरांपासून व अंकांपासून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल व ली लिंडन यांनीं २००१ ते २००३ या काळांत महापालिकेच्या एल विभागांत व बडोद्यास या योजनेची परीक्षा घेतली. कोणत्या शाळेच्या कोणत्या इयत्तेस बालसखी मिळावी, हें चिठ्ठ्या टाकून ठरलें. म्हणून एका शाळेची इयत्ता दुसरीस निःपक्षपाती माप ठरली.

निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षीं सरासरी प्रगति ०.१४ प्रमाण-विचलन, दुसऱ्या वर्षीं ०.२८. साध्या भाषेंत सांगावयाचें तर, शंभर मुलांच्या रांगेंत मध्यावर असलेलें मूल दुसऱ्या वर्षाअखेर सुमारें अकरा जागा पुढें सरकलें. लाभ मुख्यतः बालसखीकडे बसलेल्या मुलांचा. वर्ग विरळ होऊनहि गुरुजींपाशीं राहिलेल्या मुलांत फरक दिसला नाहीं. योजना संपून वर्ष लोटलें, तेव्हां ०.१ एवढाच लाभ उरला होता, म्हणजे जेमतेम चार जागा.

आटलेला लाभहि छापला, यासाठींच आम्ही या अभ्यासास मान देतों. परंतु आंकडा येथें थांबतो. पूर्ण वेतनाच्या शिक्षकास जें साधलें नाहीं तें अल्प मानधनाच्या मुलीस कां साधलें, हें तो सांगत नाहीं. आमच्या मतें, शिक्षकावर अभ्यासक्रम संपविण्याचें ओझें होतें, तिच्यावर मूल शिकविण्याचें. बॅनर्जी व डफ्लो यांस २०१९ सालीं मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां बॅनर्जींचा जन्म मुंबईचा म्हणून आपण अभिमान मिरविला. ज्यांचीं मुलें महापालिकेच्या शाळेंत जात नाहींत अशा आपणां सुशिक्षितांस तो अभिमान फुकटचा पडला. वर्षांत आटणारी प्रगति टिकवावयाची तर असा वर्ग दरसाल भरला पाहिजे आणि तो चालविणारीस पोटापुरतें वेतन मिळालें पाहिजे. हा खर्च मागण्याचें काम कोणतेंहि गणित आपल्यासाठीं करणार नाहीं.