'हरिश्चंद्राची फॅक्टरी' : चरित्रपट आणि त्याचीं साधनें

बखर हातीं आली म्हणजे आपण प्रथम तीन प्रश्न विचारतों : ती कोणीं लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, आणि घडलेल्या गोष्टीनंतर किती वर्षांनीं लिहिली. हेच प्रश्न चित्रपटास विचारण्याचा प्रघात संशोधकांत अद्याप पडलेला नाहीं. चित्रपट ही करमणुकीची वस्तु, तिची चिकित्सा ती काय करावयाची, असा एक समज आहे. परंतु चित्रपट जेव्हां होऊन गेलेल्या पुरुषाचें चरित्र सांगूं लागतो, तेव्हां तो बखरीच्याच पंक्तीस येऊन बसतो. त्यांतून तो पुरुष स्वतःच चित्रपटकर्ता असला तर पेंच अधिकच वाढतो. कारण चरित्रनायक व चरित्रकार हे दोघेही एकाच धंद्यांतले, आणि एकानें दुसऱ्याचा गौरव करणें साहजिक. या दृष्टीनें श्री. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हा चित्रपट येथें परीक्षणास घेतला आहे.

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचें कलाभवन येथें त्यांचें शिक्षण झालें. आपल्या वाचकांस विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट ही, कीं पुढें कांहीं काळ ते सरकारच्या पुराणवस्तु-संशोधन खात्यांत आलेखनाचें व छायाचित्रणाचें काम करीत होते. छापखान्याचा धंदा सोडल्यावर त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, १९१२ सालीं विलायतेस जाऊन यंत्रसामग्री आणली, दादर येथें बिऱ्हाड व कारखाना एकत्र थाटला, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें ठेविला. प्रस्तुत चित्रपटाचा विषय मुख्यतः एवढाच कालखंड होय.

प्रथम गुण सांगतों. फाळक्यांची भूमिका श्री. नंदू माधव यांनीं व सरस्वतीबाईंची श्रीमती विभावरी देशपांडे यांनीं केली आहे. चरित्रनायकास देव्हाऱ्यांत बसविण्याचा मोह येथें टाळला आहे. तो घरांतली चीजवस्तु विकतो, मुलांत मूल होतो, जादूचे खेळ करतो, आणि ज्या कामाचा श्रीगणेशाही कोणास ठाऊक नाहीं त्यास हंसत हात घालतो. त्याहून मोठा गुण म्हणजे सरस्वतीबाईंस दिलेलें स्थान. कारखान्यांतल्या माणसांचा स्वयंपाक करून फिल्मेस भोंकें पाडणारी ही बाई येथें केवळ सोशिक गृहिणी नसून कामाची भागीदार आहे. पहिल्या पुरुषाच्या चरित्रांत त्याच्या शेजारी उभें असलेलें माणूस बहुधा हरवतें. तें येथें सांपडलें आहे.

आतां साधनांकडे वळूं. या कालखंडाविषयीं आपणांस जें माहीत आहे, त्याचा मोठा भाग स्वतः फाळक्यांच्याच तोंडचा आहे. 'नवयुग' मासिकांत १९१७–१८ सालीं 'भारतीय चित्रपट' या मथळ्याखालीं त्यांनीं आपली हकीकत लिहिली. ख्रिस्तचरित्र पाहतांना आपले राम-कृष्ण डोळ्यांपुढें उभे राहिले, ही प्रसिद्ध गोष्ट तेथलीच. हे लेख घटनेनंतर पांच-सहा वर्षांनीं, लेखकाचें नांव गाजल्यावर लिहिलेले आहेत; शिवाय १९१८ मध्येंच त्यांची भांडवलवाल्यांशीं भागी होऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. तेव्हां ही हकीकत खोटी, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ती यशस्वी पुरुषाची कैफियत आहे, इतकेंच म्हणतों. कैफियतीस ताळ्यासाठीं दुसरा कागद लागतो. १९२७–२८ च्या सिनेमॅटोग्राफ कमिटीपुढें फाळक्यांनीं दिलेली साक्ष हा असा एक कागद. तेथें धंद्याचा भार वाहून थकलेला माणूस भेटतो. चित्रपटानें कैफियतीचा सूर उचलला. साक्षीपर्यंत तो गेला नाहीं.

दुसरा मुद्दा प्रतीचा. मूळ 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारें ३,७०० फूट लांबीचा होता. १९६४ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत त्याचें म्हणून पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें उरलीं आहेत. हीं रिळेंही १९१३ चीं नसून, फाळक्यांनीं १९१७ सालीं तीच कथा पुन्हां चित्रित केली त्या प्रतीचीं होत, असें कांहीं चित्रपट-इतिहासकारांचें मत आहे. पोथ्यांचा व्यवहार करणाऱ्यास हा प्रकार नवा नाहीं : मूळ प्रत गहाळ, उत्तरकालीन प्रत हातीं, आणि तीही मधलीं पत्रें नसलेली. मग आजचा चित्रपट १९१३ च्या चित्रणाचे प्रसंग उभे करतो तेव्हां तो वस्तुतः त्रुटित स्थळीं पाठ भरून काढीत असतो. संपादक असा पाठ चौकटी कंसांत देतो. पडद्यावर कंस नसतो.

ही भीति पोकळ नव्हे. कासुर्डीस आमच्याकडे संस्कृत शिकावयास येणाऱ्या मुलांस आम्हीं हा चित्रपट दाखविला. पुढें एकदां फाळक्यांचें जुनें छायाचित्र पुढें ठेवतांच एक मुलगा म्हणाला, "पण गुरुजी, हे फाळक्यांसारखे दिसत नाहींत." भवभूतीच्या 'उत्तररामचरितां'त सीता चित्रांतली शूर्पणखा पाहून भिते, तेव्हां हें चित्र आहे याची तिला आठवण द्यावी लागते. आमच्या विद्यार्थ्यास तशी आठवण देणारें कोणी नव्हतें. त्याच्या लेखीं नटच मूळ झाला आणि मूळ ही नक्कल ठरली.

तिसरा मुद्दा रसाचा. चित्रपट सबंध हास्यरसांत रंगविला आहे, आणि त्यामुळें कांहीं माणसांस उणेपणा येतो. स्त्रिया मिळेनात म्हणून उपाहारगृहांतील आचारी अण्णा साळुंके यांस तारामती केलें, हा प्रसंग हंशाचा खरा. पण याच साळुंक्यांनीं १९१७ च्या 'लंकादहनां'त राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. केवळ गंमतीपुरता पातळ नेसविलेला मनुष्य हें करूं शकत नाहीं. शिवाय कथा यशाच्या भरांतच आटोपते. पुढें भागीदारांशीं पडलेलें वांकडें, कंपनी सोडून काशीस जाणें, १९३७ चा 'गंगावतरण' हा अखेरचा बोलपट, आणि नाशिकचे उतारवयाचे दिवस, यांपैकीं कांहींच येथें नाहीं. हरिश्चंद्राचें आख्यान राज्यारोहणापाशींच संपविलें तर त्यांत सत्त्व तें कोणतें राहिलें?

इतरत्र काय केलें आहे तेंही पाहण्यासारखें आहे. मलयाळी 'सेल्युलॉइड' (२०१३) हा जे. सी. डॅनियल यांच्यावरील चित्रपट पराभव व विस्मृति यांस सामोरा जातो, मात्र त्यांत नायकाविषयींची करुणा चिकित्सेवर मात करते. सत्यजित राय यांनीं 'पथेर पांचाली' कसा केला हें सांगणारा बंगाली 'अपराजित' (२०२२) माणसांचीं व कृतीचीं नांवेंच बदलतो. ही दुसरी रीत आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. कारण नांव बदललें कीं प्रेक्षक आपोआप सावध होतो. पण नांव कायम ठेवावयाचें असेल तर जबाबदारीही कायम राहते.

यावर उपाय आपल्याच परंपरेंत आहे. पोथीच्या शेवटीं लेखक पुष्पिका लिहितो : कोणत्या शकीं, कोठें, कोणासाठीं लिहिलें; आणि कित्येकदां, समोर जशी प्रत होती तशी उतरली, दोष आमचा नव्हे, असेंही बजावतो. चरित्रपटाच्या अखेरीस अशी चार ओळींची पुष्पिका असावी : अमुक भाग नायकाच्या स्वतःच्या हकीकतींतून घेतला, अमुक उपलब्ध रिळांवरून बसविला, अमुक आमच्या कल्पनेचा. यानें करमणुकीस बाध येणार नाहीं, आणि शंभर वर्षांनीं चित्रपटांचा अभ्यासक मूळ शोधूं लागेल तेव्हां त्याचा रस्ता चुकणार नाहीं. श्री. मोकाशी यांच्या चित्रपटानें फाळके घरोघर नेले, हें त्याचें ऋण आम्ही मान्य करतों. परंतु घरोघर गेलेली प्रतच पुढें मूळ म्हणून चालते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. म्हणून ज्यांच्या संग्रहीं त्या काळचीं हस्तपत्रकें, जाहिराती, हिशेबाचे कागद किंवा 'नवयुगा'चे अंक असतील, त्यांनीं ते रद्दीच्या भावानें जाऊं देऊं नयेत. या बखरीचा ताळा घेण्यास तेवढेच कागद उरले आहेत.